होडीपुढे उभी राहिलेली माणसं

रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला बाबा आले ते थेट कामावरून. श्रावण होता, होड्या पाण्यात लोटायला आठवडा उरलेला. माझे बाबा होड्यांवर नावं रंगवतात, त्या दिवसांत त्यांना जेवायलाही फुरसत नसते. बोटांना निळा रंग तसाच, अंगाला टर्पेंटाईनचा वास. आई डबा, चादर, सुकटीची पुडी एकेक करून माझ्या हातात कोंबत होती आणि बाबा नुसतेच उभे. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "काय येतं म्हनून कोनी इचारलं तर सांगत बसू नको बाय. करून दाखव."

पुण्यात डिझाइन शिकले, नोकरी लागली आणि आठ वर्षं मोबाइलच्या ॲपमधली बटणं नि चित्रं काढत राहिले. बाबा बंदरावर सांगत, "पोरगी कंपूटरवर रंगवते." ते दुरुस्त करायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. श्रावणात मात्र रजा काढून घरी जायचेच. अक्षरं बाबांची, त्यांच्यामागची सावली माझी, ही आमची शाळेपासूनची वाटणी. सावली चढली की अक्षर फळीवरून उठून उभं राहतं. दुसऱ्या वर्षी तेच खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा आणि पुन्हा नवं लिहायचं. त्यामुळे बाबांनी जन्मभर लिहिलेल्यातलं जुनं एक अक्षरही कुठे शिल्लक नाही. त्यांना त्याचं काही वाटत नाही, मलाच वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आमचं ऑफिस बंद पडलं. नव्या नोकरीसाठी जो तो एकच मागे, पोर्टफोलिओची लिंक. म्हणजे इंटरनेटवर आपलं एक पान आणि त्यावर आपण केलेली कामं मांडलेली. पान मी एका दुपारी बनवलं, नाव टाकलं, फोटो टाकला आणि तिथेच अडले. ऑफिसातलं काहीही बाहेर दाखवणार नाही, असं मी सही करून दिलेलं. आठ वर्षं राबून पान कोरं. तुमच्यातले जे गाव सोडून गेलेत त्यांना ही भीती सांगायला नको. परत जावं लागलं तर स्टँडवर उतरून काय सांगायचं? घरी मी काहीच कळू दिलं नव्हतं.

दुकानांच्या पाट्यांची अक्षरं घडवणाऱ्या एका स्टुडिओत जागा निघाली, तेव्हा आठवलं. आदल्या श्रावणात बाबांचा खांदा आखडला होता, म्हणून तीन होड्या मी एकटीने रंगवल्या होत्या. बाबांना फोन केला. म्हटलं, त्या तिन्ही होड्यांचे फोटो पाठवा, सहजच हवेत.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. पहिल्यात दामूनाखवा, होडीचे मालक, नवा सदरा घालून बायको, सून, नातवंडांसकट ओळीने उभे. 'गावदेवी कृपा' यातला एका टोकाला 'गा' आणि दुसऱ्या टोकाला 'पा' तेवढा दिसत होता. दुसऱ्यात मालक हाताची घडी घालून, बरोबर नावाच्या मधोमध. तिसऱ्यात तर मालकाच्या म्हाताऱ्या आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलेलं आणि तिच्यामागे सगळा गोतावळा.

मी वैतागून फोन लावला. "बाबा, अक्षरं कुठायत?"

"मागं हायत की."

"मला अक्षरंच दाखवायचीत. माणसं कशाला उभी केलीत?"

"मानसाबिगर फोटूवर इस्वास कोन ठेवील?" बाबा शांतपणे म्हणाले. "आपल्याकडं नमुना कोन बगतो? मालकाला इचारतात, काम कसं हाय. मंग मालक नको फोटूत?"

मग त्यांनीच विचारलं, "नोकरी गेली न्हवं?"

हो म्हणताना मला रडू फुटलं.

"वाटलंच मला. दामूला बोललो तसं. तो म्हनला, पोरीसाठी हाय तर नवा सदराच घालतो."

ते फोटो मी आहेत तसे पानावर चढवले. मुलाखतीत स्टुडिओच्या बाई ते बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, माणसं छान आहेत, पण अक्षरं दिसत नाहीत. समजावून सांगायला तोंड उघडलं आणि स्टँडवरचे बाबा आठवले. सांगत बसले नाही. फळी आणि रंग मागितले, तिथेच जमिनीवर बसून अक्षरं काढली आणि सावली चढवली. नोकरी मिळाली.

घर म्हणजे मला पूर्वी आमचं कौलारू छप्पर आणि माडाखालचा हौद आठवायचा. आता केस विंचरून उन्हात माझ्यासाठी उभी राहिलेली ती माणसं आठवतात.

यंदाच्या श्रावणात त्या तिन्ही होड्यांवरची माझी अक्षरं मीच खरवडली. बाबांचा खांदा आता बरा आहे, तेव्हा अक्षरं पुन्हा त्यांची, सावली माझी. काम झाल्यावर मी मोबाइल काढला, तसे बाबा फोटोतून बाजूला सरकू लागले.

"मधे उभे राहा," मी म्हटलं.

"नाव झाकंल की गं."

"झाकू दे."

ते रंगाचे हात मागे लपवून ताठ उभे राहिले. त्या फोटोत एकही अक्षर धड दिसत नाही. माझ्या पानावर तो सगळ्यात वर आहे.