थंड खोलीतले पाय

"बूट काढा आणि जोडीनं लावून ठेवा."

पाहुण्यांची गाडी गेटाबाहेर पडून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. सुपरवायझर हातात यादी घेऊन आमच्यापुढं उभा होता. आम्ही सतरा बाया. सकाळी त्यानंच आम्हाला पांढरे डगले दिले होते, डोक्याला जाळीच्या टोप्या दिल्या होत्या आणि पायात घालायला पांढरे बूट. आतून मऊ अस्तर असलेले. परदेशात द्राक्षं घेणारी माणसं, ती जिथं पेट्यांत भरतात ते पॅकहाऊस बघायला यायची होती, म्हणून. त्यांच्यातल्या एका गोऱ्या बाईनं खाली वाकून आमच्या पायांचा फोटो काढला. काहीतरी बोलली, मान डोलावली. मालक हसले. आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, तुम्ही पण हसा. आम्ही हसलो.

आता ते बूट काढायचे होते.

"साहेब," मी म्हणाले, "अजून एक गाडी माल आत लावायचाय. तेवढा लावूस्तवर ऱ्हाऊ द्या की."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. यादीकडं बघून बोलला. "तुम्ही डोंगरातल्या बाया. जन्मापासून अनवाणी. टाचा दगडाच्या झाल्यात तुमच्या. तुम्हाला कसली थंडी? बूट मात्र फाटतील."

पेट्या उतरवणारे गडी हसले. बाया हसल्या. मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण खोटं सांगणार नाही. मीही हसले.

मग त्यानं फिनेलची बादली आणायला लावली. "आतून पण धुवा. वास राहायला नको."

ज्या बुटातून माझा पाय आत्ताच निघाला होता, तो बूट मी माझ्याच हातानं फिनेलनं धुतला. आतून. माझाच वास घालवायला. सतरा जोड धुवून, वाळवून कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं.

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. पिंपळवंडीच्या बाजूला, द्राक्षाच्या पट्ट्यातली. आम्ही मूळचे डिंभ्याच्या वरचे, ठाकर. आमच्या गावाची चांगली जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी हटलं की बाप बोट करून दाखवायचा, तो आपला बांध. मी सातवीपर्यंत शिकले. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर दर हंगामाला खाली कामाला यायला लागले. शेताच्या कडेला आमच्या आठ-दहा कोप्या असायच्या.

काम कसलं ते सांगते. द्राक्षं तोडून, निवडून, पेट्यांत भरली की ती गार करावी लागतात, नाहीतर बोटीत नासतात. त्यासाठी मोठ्या थंड खोल्या. आम्ही त्याला नुसतं 'कोल्ड' म्हणायचो. गडी ढकलगाडी आत लावून बाहेर यायचे. ते कायमचे, त्यांना बूट होते. आत थांबायच्या बाया. पेट्या सरळ करायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, वाकडी पेटी काढून परत लावायची. तासभर आत, दहा मिनिटं बाहेर, परत आत. खाली फरशी ओली. बाहेरची चप्पल आत चालायची नाही, स्वच्छतेचा नियम. म्हणून अनवाणी. काहीजणी मोजे घालायच्या, ते घटकाभरात भिजायचे.

पहिल्यांदा बोटं दुखतात. मग दुखायची थांबतात. दुखायची थांबली की समजायचं, आता वाईट आहे. बाहेर उन्हात आलं की बोटांत मुंग्या चावल्यासारखी आग. खाजवून रक्त निघायचं.

आमच्या शेजारच्या कोपीत पारूमावशी राहायची. विधवा, आमच्याच वरच्या वाडीतली. तिच्या उजव्या पायाची दोन बोटं जांभळी झाली, फोड आले, मग एक काळं पडायला लागलं. नारायणगावच्या डॉक्टरनं सांगितलं, गारठ्यात अनवाणी उभं राहायचं नाही. तिनं ते तसंच जाऊन सुपरवायझरला सांगितलं.

"मग उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला.

एवढंच. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बाई उभी होती. पारूमावशी पायाला फडकं गुंडाळून कोपीच्या दारात बसलेली. आम्ही कामाला जाताना तिनं आमच्याकडं बघितलंच नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, बूट घ्यायचे. स्वतःचे.

नवरा म्हणाला, "येडी झाली का? दोन म्हैन्याचा शिजन ऱ्हायलाय."

मी म्हणाले, "शिजन दोन म्हैन्याचा हाय. पाय न्हाई."

तसा तो वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आम्ही सगळेच होतो तसा.

बाजाराच्या दिवशी नारायणगावला गेले. हापशावर पाय घासून घासून धुतले. रस्त्यालगत चपलांचं मोठं दुकान होतं, काचेचं. आत गेले. दुकानदारानं विचारलं, "काय पाहिजे?"

"बूट. गारठ्यातले. आतनं अस्तर असलेले. बाईच्या मापाचे."

"कुणासाठी? मालकिणीचं माप आणलंय का?"

"मला पायजेत."

तो माझ्या लुगड्याकडं बघत राहिला. मग फळीवरून एक जोड काढला, खाली ठेवला. मी पाय पुढं केला तर म्हणाला, "थांब. असा नाही घालायचा." गल्ल्याखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढं टाकली. "आधी ही पायात घाल. मग बूट. गिऱ्हाइकाला नवा माल द्यावा लागतो आम्हाला."

मी गिऱ्हाईक नव्हते. मी दुकानात उभी होते, पैसे पदराला बांधलेले होते, तरी मी गिऱ्हाईक नव्हते.

मी पिशवी घातली. होय, घातली. पिशवीसकट पाय बुटात सारला. आत पिशवी चुरचुरली, गोळा झाली. बोटं कुठं टेकतात, टाच बसते का, काही कळेना. तेवढ्यात बाजूच्या बाकावर एक बाई तिच्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन बसली. मुलगी बाजारातून चालत आलेली, सँडलला चिखल. तिनं सँडल काढली आणि नवा बूट घातला. तसाच. तिला कुणी पिशवी दिली नाही. दुकानदार तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "चालून बघा ताई, टोचतंय का."

मी माझ्या पायाकडं बघितलं. पिशवीतला पाय. बाजारात मटण बांधून देतात तसा.

मला पहिल्यांदा राग आला. त्याच्या आधी मला राग येत नव्हता असं नाही. पण तो दुसऱ्या कुणावर तरी निघायचा, पोरावर, नवऱ्यावर, चुलीवर. त्या दिवशी तो बरोबर जागेवर आला.

मी बूट काढला. पिशवी काढली, नीट घडी केली आणि गल्ल्यावर ठेवली.

"तिला चालून बघा म्हणालात," मी म्हणाले. "मला पिशवी दिली. माझा पाय धुतलेला हाय, तिचा चिखलाचा हाय."

"ए बाई, तमाशा नको. घ्यायचं तर घे."

"न्हाई घ्यायचं. तुमच्या दुकानातनं न्हाई घ्यायचं."

मुलीच्या आईनं मान दुसरीकडं वळवली. मुलगी बघत होती. मी बाहेर आले आणि स्टँडवर जाऊन जुन्नरची गाडी धरली.

जुन्नरच्या पेठेत एका बोळात पायताणं शिवणाऱ्या म्हाताऱ्याचं छोटं दुकान होतं. अर्धं दुकान, अर्धं काम. दारात ऐरण, आरी, कातड्याचे तुकडे. मी सांगितलं काय पाहिजे ते. त्यानं विचारलं, "किती येळ उभं ऱ्हावं लागतं? खाली ओलं असतं का कोरडं?" आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं खाली कागद टाकला. "ठिव पाय." मी ठेवला. त्यानं पेन्सिलीनं भोवती रेघ काढली. मग पंजा दाबून बघायला हात पुढं केला तशी मी पाय मागं घेतला.

"बाबा, पायाला हात नका लावू. तुमी वडिलधारे."

तो हसला नाही. "पायाला हात लावल्याबिगर पायताण व्हत न्हाई, ताई. आमच्या बापजाद्यांनी हेच केलं. लोकांनी पायताण घरात घेतलं आन् आमाला दारात ठिवलं. ठिव पाय."

मी ठेवला.

त्याच्याकडं थंडीचे दोनच जोड होते बाईच्या मापाचे. कुणी यात्रेला बर्फाच्या मुलखात जाणार म्हणून मागवलेले. एक तपकिरी, चकचकीत, बाजूला चेन आणि वर केसांची किनार. दुसरा काळा, बोथट, बिनशोभेचा. मला तपकिरी आवडला. का आवडू नये? आमच्यासारखीला आवडनिवड असते हे लोकांना खरं वाटत नाही. मी तोच उचलला.

"हात घाल आत," तो म्हणाला. घातला. आत नुसतं पातळ कापड. "केस वरनं दिसायला हायेत. आता ह्यात घाल." काळ्यात हात घातला तर बोटांच्या टोकापर्यंत लोकर. तळ जाड, खाली दात पाडलेले, ओल्यावर न घसरणारे. त्यानं मला जाड मोजे घालायला दिले आणि मग बूट घालायला लावला. "कामावर जे मोजे घालशील ते घालून माप बघायचं. बोटं हालली पायजेत. घट्ट बूट रगात अडवतो, मग लोकर असून उपेग न्हाई. आन् गड्याचा ल्हान नंबर कदी घेऊ नको, बाईची टाच बारीक असती, आतल्या आत उचलती."

"चाल," तो म्हणाला. मी त्या बोळात चालले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक बघत होते. लुगडं आणि काळे बूट. बघू दे म्हटलं.

काळा जोड घेतला.

दुसऱ्या दिवशी कामावर चप्पल घालून गेले. कोल्डच्या दारात थैलीतून बूट काढले आणि तिथंच पायात चढवले. सुपरवायझर आला.

"हे काय?"

"बूट."

"काढ. बाहेरचं पायताण आत चालत नाही."

"फकस्त माप बघाया घातलेत, तळ धुऊन आणलेत. कोरे हायेत. हितंच काढले, तुमच्या म्होरं."

तो गोंधळला. मग चिडला. "तू घातले की उद्या सगळ्या मागतील."

त्याच्या तोंडून ते निसटलं. मी ते पकडलं.

"म्हंजी आमाला थंडी वाजती हे तुमाला ठाव हाय," मी म्हणाले.

सगळ्या बाया तिथंच उभ्या होत्या. कुणी हसलं नाही.

मला ऑफिसात बोलावलं. मालक खुर्चीत, मी उभी. मालक गोड बोलणारा. "तू शहाणी दिसतेस. शिकलेली आहेस का? हे बघ, तू घाल तुझे बूट. बाकीच्यांना सांग, मला डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. काय? मिटलं."

सोपं होतं. माझे पाय उबेत राहिले असते. खरं सांगते, एक क्षण वाटलं, हो म्हणावं.

"कपाटातले सतरा जोड भाईर काढा," मी म्हणाले. "आन् पारूमावशीला परत घ्या."

"ते पाहुणे येतात तेव्हासाठी आहेत."

"मंग आजचा माल पाव्हण्यांनाच लावायला सांगा."

बाहेर आले आणि कोल्डच्या दारापुढं फरशीवर बसले. पहिल्यांदा एकटीच. मग दोघी आल्या. मग नऊ झालो. बाकीच्या आत गेल्या. त्यांच्यावर राग नाही असं म्हणायची पद्धत आहे. मला राग आला. आजही आहे. त्यांना घाबरायला कारण होतं, आणि आम्हालाही होतं.

मळ्यातून मालाच्या गाड्या येत राहिल्या. पेट्या बाहेर साठत गेल्या. ऊन चढलं. द्राक्ष थांबत नाही, ते कुणाचं ऐकत नाही. दुपारी मालक स्वतः चावी घेऊन आला आणि कपाट उघडलं. सतरा जोड काढले, सोळा वाटले. जोड एक उरला, कारण माझे माझ्या पायात होते. तो उरलेला पारूमावशीला द्या असं मी म्हणाले, तर सुपरवायझरनं तो परत आत ठेवला.

त्यानंतर त्या हंगामात आणखी कुणाची बोटं काळी पडली नाहीत. शेवटच्या दिवशी माझं आणि त्या आठजणींचं नाव वहीतून काढलं. पारूमावशीचं बोट डॉक्टरांनी कापलं. ती लंगडत गावाला गेली. तिला कुणी काही दिलं नाही.

आता मला कुठलंच पॅकहाऊस घेत नाही. नाव पोचलंय सगळीकडं. मी रोजानं कांदा काढते, भात लावते. आणि हंगाम लागायच्या आधी वरच्या वाड्यांत फिरते. घराघरात बसते. बायांना सांगते, आत जायच्या आधी पायात काय देणार ते विचारा, देत नसतील तर चढू नका गाडीत. काहीजणी ऐकतात. काहींचे नवरे मला हाकलतात. मी परत जाते.

या वर्षीही बाया न्यायला टेम्पो वर येणार. ड्रायव्हरला पॅकहाऊसवाल्यांनी आधीच सांगितलंय, त्या बाईला आजूबाजूला फिरकू देऊ नको. मी आजूबाजूला नसणारच. वाडीतून एकच रस्ता खाली जातो. त्या रस्त्यात, टेम्पोच्या पुढं मी उभी असणार. तो हॉर्न वाजवेल. वाजवू दे. बूट आल्याशिवाय मी हलणार नाही.