माथ्यावरचा गिअर

गिअरमामांचा डावा हात कधी रिकामा नसायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी चढ लागला की तो हात आपोआप मांडीशेजारी जायचा आणि हवेतला दांडा खटकन पाडायचा. दारातल्या पायऱ्या चढतानासुद्धा. देवळात प्रदक्षिणा घालताना तर प्रत्येक कोपऱ्यावर तोंडाने हळूच 'पों' करायचे. पुजाऱ्यांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "भटजी, पलीकडनं कोण आलं तर देव मधी पडत न्हाई. आपणच वाजवाय पाहिजे." त्यानंतर पुजारीही कोपऱ्यावर खाकरायला लागले.

मामा माझ्या आईच्या माहेरचे, खानापूरकडचे, म्हणून आमचे मामा. आणि आमचे म्हणून मग सगळ्या रामनगरचे. जन्मभर त्यांनी रानापलीकडच्या कुंभारवाडा गावाची वस्तीची बस चालवली. संध्याकाळी ती रानातून तिकडे जायची, रात्री तिथेच मुक्काम करायची आणि सकाळी माणसं, कोंबड्या, फणस असं सगळं भरून परत निघायची. ती चुकली की दिवस बुडाला, त्यामुळे मामांचा रुबाब तहसीलदाराच्या वर. तोच रुबाब ते घरीही घेऊन यायचे. मामी म्हणायच्या, "सगळे गिअर येत्यात ह्यास्नी, रिव्हर्स तेवढा येत न्हाई." भांडणात मामांनी माघार घेतल्याचं खरोखरच कोणाला आठवत नाही.

घाटातल्या हॉर्नची भाषा त्यांनीच मला लहानपणी शिकवली. तिथे रस्ता एका गाडीपुरता. वळणाआधी एकाने हॉर्न द्यायचा आणि दुसऱ्याने ऐकायचा. ऐकणाऱ्याने रुंद जागा बघून गाडी कडेला घ्यायची आणि दोनदा वाजवायचं. दोनदा म्हणजे, ये, वाट तुझी. "ह्ये दोन हॉर्न ऐकले की डायवरच्या पोटात पाणी जातंय," मामा सांगायचे. "तोवर तोंड कोरडं." मामांना घाटात तोंड कोरडं पडत असेल यावर मी तेव्हा अजिबात विश्वास ठेवला नव्हता.

मला वेड रानवाटांनी पळायचं. बाबांच्या कापडदुकानात दिवसभर ताग्यांच्या घड्या घालायच्या आणि पहाट फुटली की बूट बांधून रानात सुटायचं. गावात यावर बोलणं व्हायचंच. कुत्रं मागे लागल्याशिवाय शहाणं माणूस पळत नाही, असं आमच्याकडे सर्वांचं मत आहे. मग गणेशगुडीला तिथल्या लॉजवाल्यांनी डोंगरावरची शर्यत ठेवली. चढावर मी सगळ्या बायकांच्या पुढे होते. माथ्यावर आले, खाली काळी नावाची आमची नदी चमकताना दिसली, आणि आता काय, नुसता उतार, असं म्हणून मी पाय सोडून दिले. एका वळणावर ओल्या पानांखाली दगड होता. गुडघा एकीकडे वळला आणि मी दुसरीकडे. बेळगावला गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "पळता येईल, पण घाई केलीत तर परत इथेच याल." आईने यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझे बूट माळ्यावर टाकले.

मामा वेलची केळ्यांचा घड घेऊन बघायला आले. कॉटवर बसले, माझा गुडघा दोन्ही हातांनी धरून हळूहळू वाकवला आणि कान लावून ऐकलं. आई दारात श्वास रोखून उभी. "इंजिन बेस हाय," मामांनी माझ्याकडे बघून जाहीर केलं. "पट्टा नवीन बसवलाय. नव्या पार्टाची गाडी एकदम घाटात घालत न्हाईत, सुमे. पैला लोकल मारायची." आई म्हणाली, "अण्णा, घाट नको नि लोकल नको. चालतीय तेवढं पुष्कळ हाय." मामांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्यांची गाडी भंगारात काढायला सांगितली होती. जाताना त्यांनी स्वतः शिडी लावून माळ्यावरून बूट काढले आणि माझ्या कॉटखाली सरकवून दिले. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

तेव्हापासून आमची लोकल सुरू झाली. बेळगावच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम आखून दिले होते; ते कसे करायचे हे बाई सांगणार आणि मी कधी निघायचं, कुठे थांबायचं हे मामा. मी शेताच्या सपाट वाटेने चालत असायची आणि मागून मामा आपल्या म्हाताऱ्या मोपेडवर. निघताना "रैट, रैट!" आणि थांबायचं असलं की "होल्डान!" शेतातली माणसं काम सोडून बांधावर येऊन बघायची. मला एखाद्या दिवशी जोर चढायचा, पुढच्या आंब्यापर्यंत पळू दे म्हणायची. मामा मान हलवायचे. "तुझा लोकलचा बोर्ड बदलला न्हाई अजून." मी चिडून म्हणायची, "मामा, तुम्ही डॉक्टर आहात काय?" "डायवर हाय. डाक्टर एका टायमाला एकच माणूस मारतोय, डायवरच्या हातात सगळी गाडी असतीय." ते नेहमी बरोबर असत असंही नव्हतं. गुडघ्याला एरंडेल चोळून वर गरम मिठाची पुरचुंडी बांधायचा त्यांचा हट्ट होता. फिजिओबाईंनी नको म्हटल्यावर त्यांनी फोनवर त्यांच्याशी कडाक्याचं भांडण केलं आणि हरल्यावर मला सांगितलं, "रेंज गेली."

हळूहळू बोर्ड बदलत गेला. चालण्यात थोडं पळणं आलं, पळण्यात थोडा चढ. पहिल्यांदा न थांबता आंब्याच्या पुढे गेले त्या दिवशी मामांनी मोपेडचा हॉर्न घरापर्यंत वाजवत आणला. मामींना वाटलं, हॉर्न बिघडलाय.

पण खरी अडचण पुढेच होती. चढ मला जमत होता. उतार दिसला की पाय लाकडाचे व्हायचे. अंग मागे टाकून, टाचा रोवत, दर पावलाला थांबत मी उतरायची आणि संध्याकाळी गुडघा सुजायचा. एकदा एका लहानशा टेकडीवरून अशीच उतरून आले आणि मामांसमोर खाली बसून रडले. म्हटलं, "संपलं. सपाट रस्त्यावर पळेन जन्मभर. डोंगर नको." मला वाटलं ते समजूत काढतील. ते भयंकर चिडले. "उद्या संध्याकाळच्या गाडीला ये," एवढंच म्हणाले आणि मोपेड घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीत इंजिनाशेजारच्या बाकावर बसवलं. गाडी चालवायला बसवराज होता. तो मामांनीच तयार केलेला. कुंभारवाड्याच्या वाटेवर एक मोठा चढ संपून घाट खाली उतरतो. ऐन माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या जरा आधी, बसवराजने गाडी जवळजवळ थांबवली आणि गिअर खाली टाकला. इंजिन गुरगुरलं आणि गाडी आपल्याच जोरावर स्वतःला धरून उतरायला लागली. "त्याच्या पायाकडं बघ," मामा म्हणाले. बसवराजचा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला होता.

"ज्या गिअरात चढतोय, त्याच गिअरात उतरायचं," मामा म्हणाले. "आनि टाकायचा माथ्यावर. उतार लागल्यावर टाकाय गेलीस तर पडत न्हाई. त्या दिवशी तू काय केलीस? न्यूट्रल मारलीस. आता काय करायलीस? नुसता ब्रेक. न्यूट्रल मारणारा दरीत जातोय आनि ब्रेक मारणाऱ्याचा ब्रेक जळतोय. ब्रेक थांबाय हाय गे, उतराय न्हाई."

मग पुढच्या वळणावर त्यांनी आपल्या हाताने एक जागा दाखवली. नवीन असताना डिझेल वाचवतो म्हणून त्यांनी इथे उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली होती. आमच्याकडच्या नव्या ड्रायव्हरांची ही ठरलेली चूक. ब्रेक तापले, लागेनात. मामांनी गाडी डोंगराच्या मातीत घुसवली, म्हणून माणसं वाचली. "दुसऱ्या दिवशी गाडीत चढलोच न्हाई. न्हाई जात म्हटलं. तर आमचा म्हातारा डायवर शेजारी येऊन बसला आनि म्हणाला, काढ गाडी. घाटाचं भ्या घरात बसून जात न्हाई." मामा माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "म्हणून बसलोय शेजारी." मामांचं तोंड खरंच कोरडं पडत असे, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी उतरायला नव्याने शिकले. माथ्यावर क्षणभर थांबायचं, पावलं आखूड करायची, गुडघे थोडे वाकवायचे, अंग मागे न टाकता उताराबरोबर जायचं. चढताना जसं पाऊल पडतं तसंच उतरताना. आणि आंधळं वळण आलं की ओरडायचं 'पों', कारण रानात समोरून गवासुद्धा येऊ शकतो आणि गव्याला हॉर्न नसतो. पहिल्यांदा लहान टेकडी, मग जरा मोठी. गुडघा सुजणं थांबलं. मला इतका आनंद झाला होता, की दुकानात गिऱ्हाइकाला खण दाखवतानाही माझा डावा हात मांडीशेजारी जायचा. आई कपाळाला हात लावायची. "अण्णांचं भूत लागलंय हिला," म्हणायची, पण बूट आता तीच उन्हात ठेवायला लागली होती.

मग पुन्हा गणेशगुडीची शर्यत आली. डोंगर तोच, वळण तेच. मामा म्हणाले, "मी वर येत न्हाई. मोतीबिंदू हाय डोळ्यात. खाली हाय मी."

चढावर या वेळी मी पुढे नव्हते. माथ्यावर पोचले, खाली तीच नदी तशीच चमकत होती. मी उभी राहिले. माझ्या मागच्या दोघी-तिघी बाजूने सुसाट खाली गेल्या. मी डावा हात पुढे केला आणि गिअर टाकला. शेजारून जाणाऱ्या एका पुण्याच्या मुलाने वळून बघितलं; बघू दे. आखूड पावलं टाकत मी उतरायला लागले. गुडघा माझा होता, पाय माझे होते. पुढे ते वळण दिसलं. दगड तिथेच होता, पानांखालून डोकं काढून. तोंड कोरडं ठणठणीत. मी सगळा जोर काढून ओरडले, "पोंऽऽ!"

आणि खालून, झाडांच्या खालच्या रस्त्यावरून, उत्तर आलं. खरा हॉर्न, बसचा. एकदा, आणि परत एकदा.

मी त्या दगडाशेजारून कशी गेले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मोठ्याने हसत होते. पुढच्या प्रत्येक वळणावर मी ओरडले आणि प्रत्येक वेळी खालून दोनदा उत्तर आलं. उतार संपला तेव्हा माझ्या पायांत ताकद शिल्लक होती आणि पुढे गेलेल्या बायकांच्या मांड्या ब्रेक मारून मारून भरून आल्या होत्या. नदीकाठच्या सपाट वाटेवर मी एकेकीला मागे टाकत गेले. शेवटची एक ऐन दोरीच्या अलीकडे मागे पडली, आणि बायकांत मी पहिली आले. आयुष्यात एवढ्या जोरात मी कधी ओरडले नव्हते. खाली चहाच्या टपरीवरची माकडंसुद्धा पळाली.

रस्त्यावर गाडी उभी होती. बसवराज चहा प्यायला उतरला होता आणि ड्रायव्हरच्या जागेवर मामा बसले होते. मागे प्रवाशांचा आरडाओरडा चालला होता. एक बाई विचारत होती की या म्हाताऱ्याला कोणी खाली उतरवणार आहे की नाही. मामा सावकाश उतरले. कितवी आलीस, हे त्यांनी विचारलंच नाही. खाली वाकले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "प्याशिंजर बरा हाय न्हवं?" त्यांचे डोळे भरून आले होते. "मोतीबिंदू," ते म्हणाले.

गेल्या वर्षी मामी गेल्या आणि मुलगा मामांना हुबळीला न्यायला आला. मामा नको म्हणाले नाहीत. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच रिव्हर्स घेतला, आणि तो बघणं मला फार जड गेलं. सकाळच्या हुबळीच्या गाडीत ते दारामागच्या पहिल्या बाकावर खिडकीशी बसले. मी बूट घालूनच गेले होते. गाडी सुटल्यावर मी तिच्या बाजूने पळायला लागले. गावाबाहेरच्या चढावर गाडी पुरी भरलेली, हळू चाललेली. मी खिडकीच्या बरोबरीने होते. मामा माझ्या पायांकडे बघत होते, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. चढ संपत आला तशी गाडी पुढे जायला लागली. खिडकीतून त्यांचा डावा हात बाहेर आला आणि माथ्यावर बरोबर वेळेला खटकन खाली पडला.

पुढच्या वळणाआधी ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी कडेला घेऊन उभी राहिले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडले, "पों! पों!"

गाडी वळणाआड गेली. परतीची वाट सगळी उताराची होती. मी डोळे पुसले, माथ्यावरच गिअर टाकला आणि घरापर्यंत पळत आले.