हेझल, त्या दिवाळीबद्दल

हेझल गेली. मी तिला फसवलं होतं, आणि माफी मागायची राहूनच गेली.

मंगळवारी गेली. कॅन्सर. फक्त चव्वेचाळीस वर्षांची होती यार.

माझ्या लेकीची, रेवाची, गाण्याची टीचर. इथे डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, आमच्यापासून दोन स्टॉप साइन पलीकडे राहायची.

एकोणिसाव्या वर्षी ही बाई इंग्लंडमध्ये पॉपस्टार होती. टीव्हीवर वगैरे! मला तीन महिने पत्ताच नाही. डेव्हने, तिच्या नवऱ्याने, जुनं पोस्टर दाखवलं तेव्हा कळलं.

"ते केस माझे नव्हते," एवढंच म्हणाली.

दुसरा अल्बम पडला, कंपनीने कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल केलं. मग स्वतःची गाणी, स्वतःची गिटार. कार्यक्रम संपला की स्वतःच टेबल मांडून सीडी विकायची. २००१ मध्ये अशीच टूरवर अमेरिकेत आली, डेव्ह भेटला, राहिली.

एकदा इथल्या एका बारमध्ये लोक गप्पाच मारत बसले. गाणं अर्धवट टाकून ही खाली उतरली. त्यानंतर तीन वर्षं स्टेज नाही.

आणि मी शहाणी, मराठी मंडळाची सेक्रेटरी! २००५च्या दिवाळी कार्यक्रमासाठी हात धुऊन तिच्या मागे लागले.

"लोक ऐकतील ना?" तिने विचारलं.

"आमचे लोक? अगं, गाण्यासाठी जीव टाकतात!"

तिने त्यासाठी नवीन गाणं लिहिलं.

साडेपाचला तिची वेळ. पण कार्यक्रम आपला ना! गणेशवंदना, पोरांचे चार डान्स, अध्यक्षकाकांचं भाषण, मग त्या भाषणाबद्दल आभार. साडेसात वाजले. पोरं भुकेने रडायला लागली.

ती स्टेजवर गिटारच्या तारा जुळवत होती आणि काकांनी माइक घेतला. "जेवण मांडलंय, गरम आहे. गाणं काय, जेवता जेवताही ऐकता येईल!"

अख्खा हॉल उठला.

मी तो माइक हिसकावून घ्यायला हवा होता. मी काय केलं? पळाले पुऱ्या वाढायला. स्टेजकडे पाठ. "काकू, श्रीखंड घ्या ना अजून!"

नवीन गाण्यातला एकही शब्द मला आठवत नाही.

समोर बसून ऐकत होती ती एकटी रेवा.

या वेळी मात्र हेझल खाली उतरली नाही. शेवटपर्यंत गायली. मग पेपर प्लेट घेऊन लाइनीत आली. "छान आहे जेवण," म्हणाली.

चिडली असती तर बरं झालं असतं.

म्हटलं, घरी जेवायला बोलावू, तेव्हा सॉरी म्हणू. कधी स्नो, कधी रेवाची टेस्ट, कधी नुसताच माझा आळस. पुढे केमो सुरू झाली. आता जुनं कशाला उकरायचं, म्हणून गप्प बसले.

काल फ्युनरलनंतर डेव्हने बाजूला घेतलं. त्या दिवाळीत तो कामासाठी बाहेरगावी होता.

"तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे का? ते गाणं तिने परत कधीच गायलं नाही. ती नेहमी सांगायची, हॉल भरला होता, कुणी जागचं हललं नाही."

असं सांगितलं होतं तिने त्याला. असं!

रेकॉर्डिंग आहे. माझ्याच कपाटात. घरी येऊन लावलं. कॅमेरा सगळा वेळ जेवणाच्या लाइनीवर. आवाज तिचाच, पण आमच्या गप्पांत शब्द कळत नाहीत. आणि मी दिसते, हसत हसत वाढताना.

आज सकाळी डेव्हला फोन करून सांगितलं, रेकॉर्डिंग झालंच नव्हतं.

"काही हरकत नाही," म्हणाला. "तू तर ऐकलंस ना. कसं होतं गाणं?"

"खूप सुंदर," म्हटलं मी.

डेव्हला मराठी येत नाही, म्हणून इथे मराठीत लिहितेय. पाया पडते, कुणी त्याला वाचून दाखवू नका.

हेझल, माझं चुकलं गं. फार चुकलं.