अक्काचं बोलणं

अक्काला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण घरात सगळ्यांत बडबडी तीच. तिचे हात एकदा सुरू झाले, की समोरच्याला 'हं' म्हणायलाही फुरसत नसे. कोपऱ्यावर तिचं इस्त्रीचं दुकान होतं. नेहमीची गिऱ्हाइकं तिच्या खुणा शिकली होती, ती मुख्यतः तिच्या शिव्या कळाव्यात म्हणून.

उजव्या काखेत कित्येक वर्षांपासून एक गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून अक्काने काणाडोळा केला. गाठ मुठीएवढी झाली, तशी इस्त्री उचलताना काखेतून करंगळीपर्यंत सणकन कळ जाऊ लागली. एकदा तापलेली इस्त्री हातातून सुटली. पाय थोडक्यात वाचला. तेव्हा धाकट्या भावाने तिला जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं.

तपासण्या झाल्यावर सर्जनबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. हाताकडे जाणाऱ्या नसेच्या आवरणात ही गाठ वाढलीय. पण आता ती नसेला दाबतेय, काढायला हवी. नसेचे तंतू गाठीवर ताणून पसरलेत. ते दुखावले, तर बोटं कायमची लुळी पडू शकतात."

भावाने खुणांनी सांगितलं, "कॅन्सर नाही. ऑपरेशन करायचं. बरी होशील."

अक्काने आधी बाईंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाई एवढं बोलल्या आणि तुझं एवढ्यात आटोपलं? मी बहिरी आहे रे, खुळी नाही."

भावाचा चेहरा उतरला. मग त्याने सगळं सांगितलं. अक्काने उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, उघडली.

"विचार त्यांना," शेवटी ती म्हणाली, "थोडी गाठ आत राहिली तर मरेन का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा वाढू शकते. तपासत राहावं लागेल."

"मग जिथे नसेला चिकटली असेल तिथे राहू द्या. इस्त्री काय, मी डाव्या हातानेही करीन. पण बोटं लुळी पडून बोलणं गेलं, तर माझं उरलं काय?"

भावाने यातलं काहीच गाळलं नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. बाई एकेका तंतूला बारीकसा विद्युतप्रवाह देऊन बघत. बोट हललं, की तो तंतू अलगद बाजूला सारत. गाठ आतून पोखरत, सोलत काढली. एका जागी तिचा पापुद्रा नसेला घट्ट धरून होता. तेवढा त्यांनी सोडला.

शुद्धीवर आल्यावर अक्काने उजव्या हाताचा अंगठा ओठांशी नेला. पाणी. भाऊ तोंड फिरवून रडला.

काखेतली कळ थांबली, पण शेवटची दोन बोटं हलत नव्हती. पुढे व्यायामाने अनामिका थोडी वळू लागली, करंगळी नाहीच. काही शब्द मोडके निघत. लोक पुन्हा पुन्हा "काय?" विचारत, आणि ती चिडून पाठ फिरवी. हळूहळू तिने नव्या खुणा बसवल्या, गिऱ्हाइकांनाही शिकवल्या. राहिलेला पापुद्रा अजून वाढलेला नाही.

एक खूण मात्र तिने बदलली नाही. त्यांची आई नाकात चमकी घालायची. म्हणून 'आई' म्हणताना अक्का करंगळी नाकपुडीला लावायची. "डाव्या हाताने कर की," भाऊ म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. आता ती डाव्या हाताने उजवी करंगळी धरते, उचलते आणि नाकाशी नेते. तेवढा वेळ भाऊ थांबतो.