लग्नाच्या दिवशी, दुपारी बारा चाळीसला

गेल्या शुक्रवारी भर ऑफिसात माझे हातपाय गार पडले... तेही स्वतःचंच नाव वाचून!

नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. सहा माणसं मिळून शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो... हजेरी, प्रवेश, निकालपत्रकं वगैरे.

कोणी काय बदल केला याची नोंद गिट नावाचं टूल ठेवतं. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड दिली, की कोणी, कधी, काय बदललं याची यादी समोर येते. प्रत्येक बदलाबरोबर एक छोटा शेराही लिहायचा असतो. मी 'फिक्स' लिहून मोकळा होतो.

गुरुवारी साहेबांनी मला गेल्या आठ महिन्यांची यादी काढायला सांगितली. शोभाताईंचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं, पुढे ठेवायचं की नाही ते ठरवायचं होतं.

शोभाताई माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात. मूळच्या जेऊरच्या. दहा वर्षं शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलं, संध्याकाळचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला आणि आठ महिन्यांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आमच्याकडे लागल्या. इथून गेल्या तर या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी कमांड दिली. माझं नाव सगळ्यात वर, बदल दुसऱ्या नंबरच्या जवळजवळ दुप्पट! शोभाताईंचं नाव यादीतच नाही... दोनदा चालवून बघितलं, तरी नाही.

साहेबांना म्हणालो, "यादी खोटं बोलत नाही." वाईट वाटलं मला. पण खरं सांगू? त्याहून जास्त बरं वाटलं... आपण एवढे राबतो, हे मलाच नवीन होतं.

शुक्रवारी साहेबांनी यादी भिंतीवरच्या टीव्हीवर लावली. शोभाताई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. तुमचं नाव कुठंच दिसत नाही ताई, असं साहेब म्हणाले तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "काम तर केलंय की सर."

 मी टीव्हीवरचं माझं नाव बघत होतो.

मग माझं कौतुक सुरू झालं. साहेब माझ्या नावावरचे बदल तारखेनुसार खाली सरकवत होते आणि एका ओळीवर थांबले. "हे बघा! या पठ्ठ्यानं स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा काम केलंय. दुपारी बारा चाळीसला!"

साहेबांना लग्नाला यायला जमलं नव्हतं, मुहूर्त कितीचा तेही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं. बाकीचे हसायला लागले, टाळ्या पडल्या. मी मात्र ती वेळ पुन्हा वाचली.

बारा चाळीसला मी अकलूजच्या मंगल कार्यालयात हार हातात घेऊन स्टेजवर उभा होतो. लॅपटॉप सोडा, मोबाईलसुद्धा मेहुण्याच्या खिशात होता!

त्या ओळीतला शेरा वाचला. 'लांब नाव निकालपत्रकात अर्धं तुटत होतं. आता पूर्ण दिसतं.' त्याच्या खालचा वाचला... 'आजारी मुलं गैरहजर लागत होती. आता रजेवर लागतात.' सरळ, स्वच्छ मराठी वाक्यं. मी आयुष्यात असा शेरा लिहिलेला नाही.

त्या दिवशी ऑफिसात कोण होतं? साहेब बाहेरगावी होते, बाकी सगळे अकलूजला जेवायला आले होते. एका शाळेचा निकाल अडला म्हणून शोभाताई तेवढ्या थांबल्या होत्या.

आणि मग आठवलं. आठ महिन्यांपूर्वी मला नवा लॅपटॉप मिळाला आणि जुना शोभाताईंना गेला. तो मीच तयार करून दिला होता. "सगळं झालंय ताई, सेटिंगला हात लावू नका," असं वर बजावलंही होतं. गिटमधलं माझं नाव तसंच राहिलं, आणि त्यांचं एकूण एक काम माझ्या नावावर चढत गेलं.

दोन-तीन सेकंद मी गप्प बसलो. सांगायला लाज वाटते, पण बसलो. मग उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

साहेबांना पटेना. मी तीच कमांड परत दिली, फक्त नावापुढे ईमेलही दाखवायला सांगितला. जुन्या लॅपटॉपवर माझा कॉलेजच्या काळातला ईमेल होता, नव्यावर ऑफिसचा. माझ्या एका नावाचे दोन तुकडे झाले... मोठा तुकडा शोभाताईंचा. माझा किती उरला ते विचारू नका!

साहेबांनी ताईंना द्यायला टाईप करून आणलेला नकाराचा कागद घडी घालून खिशात टाकला. कॉन्ट्रॅक्ट वर्षभरासाठी वाढलं.

खरा धक्का तर त्यानंतर बसला. मी म्हणालो, ताई, रोज माझं नाव दिसत असेल, एकदा तरी विचारायचं ना!

"दिसायचं की," त्या अगदी सहज म्हणाल्या. "मला वाटलं हितं बी तसंच हाय. शाळेत धा वर्षं मी लिवलं, खाली सही दुसऱ्याची. काम आपलं म्हणून नाव बी आपलं, असं कुटं असतंय सर?"

 हाताच्या अंतरावर बसून आठ महिने त्या काम करत होत्या आणि मी एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं.

मी सेटिंग उघडून दिलं. त्यांनी स्वतःच्या हातानं नाव टाईप केलं, सावकाश, एकेक अक्षर बघत. मग एक बारीक बदल केला, कमांड दिली आणि यादीत सगळ्यात वर आलेल्या त्या ओळीचा मुलीला पाठवायला मोबाईलवर फोटो काढला.

ही पोस्ट त्यांना विचारूनच लिहिली आहे. लिवा की, म्हणाल्या... फक्त नाव पूर्ण लिवा.

तर माझ्या लग्नाच्या दिवशी, दुपारी बारा चाळीसला, काम करत होत्या शोभा तानाजी वाघचौरे.