मनचं लिहू नको

उजवा हात कानामागं, मान जराशी तिरकी, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत एकच हुकूम : "पुन्हा सांग." आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, दाराशी खुर्ची टाकून बसलेला हा म्हातारा ठार बहिरा आहे. चाचांचे कान ठणठणीत होते. दगा दिला होता डोळ्यांनी. पण उभा जन्म धान्याच्या बाजारात मापाडी म्हणून काढलेला माणूस एकदा ऐकलेला आकडा खरा धरत नाही. तो दोनदा ऐकतो, मगच मान हलवतो.

असा एखादा म्हातारा तुमच्याही पाहण्यात असेल. त्याला हसायची घाई करू नका. मी केली होती. चाचा जाऊन आता वर्ष होत आलं, तरी ती खुर्ची दाराशीच आहे आणि तिच्यावर बसायची माझी अजून हिंमत होत नाही.

मी तेव्हा पुण्याहून नुकताच परतलो होतो. 'मले', 'तुले' म्हटलं की गालात हसणाऱ्या लोकांत दोन वर्षं नोकरी करून, जीभ चांगली घासूनपुसून घेऊन मी मलकापुरात क्लास काढला. खाली सरकीचं दुकान, वर ज्ञान. पाटीवर लिहिलं, 'भविष्य इथेच घडते'. त्या भविष्याचं कुलूप उघडायला आणि लावायला माणूस हवा होता, म्हणून चाचांना ठेवलं.

मापाडी म्हणजे पोतं काट्यावर चढलं की वजन ओरडून सांगणारा. शेजारी वहीवाला बसतो, तो ऐकून लिहितो. चाचांचं सगळं तत्त्वज्ञान त्या दोन हातांच्या अंतरात तयार झालं होतं : "आयकू नाही आलं त पुन्हा इचार. मनचं लिहू नको." एकदा म्हणे ट्रकच्या हॉर्नमध्ये वहीवाल्याला आकडा ऐकूच आला नाही आणि त्यानं अंदाजानं लिहून टाकला. चाचांनी काटा थांबवला. असं आधी आणखी किती पोत्यांना केलं ते वहीवाला सांगेना, तेव्हा चाळीसच्या चाळीस पोती पुन्हा चढवायला लावली. हमालांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "पण तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं. "त्याचा कान दुसरीकडं होता अन् पेन चालू होता," चाचा म्हणाले.

दुसरी एक सवय त्यांनी बाजारातून आणली होती. मोजताना ते 'एक' म्हणायचे नाहीत. बरकत, दोन, तीन, चार. शेजारच्या काट्यावरचा हिंदू मापाडी लाभ, दोन, तीन म्हणायचा. मोजणीची सुरुवात एकट्या एकानं केली तर मालाला वाढ राहत नाही, असा बाजाराचा रिवाज. बाजार सुटला, रिवाज सुटला नाही. "चाचा, चहा किती सांगू?" विचारलं तरी उत्तर यायचं, "बरकत."

आता जरा ज्ञान सोसा. फी माफ. माणूस कॉम्प्युटरवर जे काही टाईप करतो, ते कॉम्प्युटरला आधी नुसती अक्षरं म्हणून मिळतं. दहा टाका, पुन्हा दहा टाका आणि बेरीज मागा. तो शहाणा दोन्ही शेजारी चिकटवून 1010 उत्तर देतो. म्हणून आलेल्या अक्षरांचा आधी आकडा करून घ्यावा लागतो. आणि समोरच्यानं आकड्याच्या जागी भलतंच काही टाकलं, तर आकडा होत नाही आणि प्रोग्राम लाल अक्षरांत इंग्रजी शिव्या देऊन जागीच मरतो.

पोरं एकमेकांचे प्रोग्राम तपासायची तेव्हा सगळं सुरळीत चालायचं, कारण पोरं एकमेकांना सांभाळून घ्यायची. बकऱ्या किती विचारलं की निमूट 5 टाकायची. मग मला एक झकास कल्पना सुचली. तपासणीला चाचांना बसवायचं. त्यांना पडदा दिसत नव्हता, म्हणून नियम असा की ते जे बोलतील ते जसंच्या तसं पोरांनी टाकायचं.

"चाचा, तुमच्याकडं बकऱ्या किती?"

"बरकत."

प्रोग्राम मेला.

"शेत किती एकर?"

"दीड."

दुसरा मेला.

"घरात माणसं किती?"

"पाच-सहा. पोरगी येऊन-जाऊन राह्यते."

तिसराही गेला. पोरं हसून बाकावर लोळत होती आणि चाचा गंभीर. "काऊन बे, तुही मशीन आहे का लाजाळूचं झाड? बोट लावलं का मान टाकते!"

मी पुण्याचा माणूस. मी फळ्यावर रामबाण उपाय लिहिला. आकडा होत नसेल तर मरायचं नाही. गुपचूप शून्य धरायचं आणि पुढं चालायचं. दोन-चार ओळींचं काम. पुन्हा चाचांना बसवलं. बरकत म्हणाले, प्रोग्राम पुढं गेला. पाच-सहा म्हणाले, पुढं गेला. शेवटी पडद्यावर 'धन्यवाद' आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी अत्यंत नम्रपणे फळा पुसला.

"सर, बकऱ्या किती लिहल्या त्यानं?" चाचांनी विचारलं.

"शून्य."

"अन् घरातले माणसं?"

"शून्य."

"मी त शून्य म्हटलंच नाही."

"चाचा, प्रोग्राम आता बंद पडत नाही ना? ते महत्त्वाचं."

"बंद पडला त समजते तरी, कुठं अडलं ते. हे त मनचं लिहून मोकळं झालं. पुन्हा इचारा ना सर. इचारल्यानं का तोंड झिजते?"

मी हसलो. दोन वर्षं पुण्यात मला जे हसू मिळालं होतं, तेच मी चाचांना दिलं. उधार ठेवायची मला सवय नाही.

पोळ्याच्या सुमारास गावातल्या काही भल्या माणसांनी मोतीबिंदूचं शिबिर ठरवलं. आधी नावनोंदणी, मग पन्नाशीच्या वरच्यांना गाडीनं बुलढाण्याला न्यायचं आणि ऑपरेशन करून परत आणायचं. नोंदणीचा प्रोग्राम मी फुकट लिहून दिला. फुकट काम करणाऱ्याला कुणी चूक दाखवत नाही, हा त्यातला मोठा फायदा. वयाच्या रकान्यात अर्थातच माझा रामबाण होता.

चाचांचे दोन्ही डोळे तोवर मोतीबिंदूनं भरले होते. उजवा जास्त. मला ते जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचे. शिबिराची बातमी कळल्यापासून मात्र त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. "सर, डोळे झाले का पहिले तुमाले पाहतो," म्हणायचे. "इतके दिवस झाले, नुसता आवाज पाहून राह्यलो."

गाडी सकाळी सातला निघणार होती. दहाला मी क्लासवर आलो, तर चाचा खुर्चीत. धुतलेला कुर्ता, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा.

"चाचा, गेले नाही?"

"यादीत नाव नाही म्हणे."

"असं कसं? नोंदणी केली होती ना?"

"केलती. मशीननं धन्यवाद बी म्हटलं."

"मग भांडायचं ना तिथं!"

"काय भांडू? मशीन खोटं बोलत नाही, असं तुमीच त सांगता पोरायले."

मी आत जाऊन कॉम्प्युटर उघडला. प्रोग्राम बरोबरच असणार, याची मला खात्री होती. चाचांच्या नावापुढं वय : शून्य. खाली आणखी एक शून्य. आणखी एक. सतरा जणांपुढं शून्य. नोंदणी करणाऱ्या पोरांना विचारलं, तर त्यांनी जे ऐकलं ते इमानदारीनं टाकलं होतं : 'साठ-पासष्ट', 'सत्तरच्या वर', 'नातवाले माहीत'. माझ्या प्रोग्रामला त्यातलं काही कळलं नाही, त्यानं कुणाला काही विचारलं नाही, शून्य धरलं, पन्नाशीच्या आतले म्हणून सगळ्यांना वगळलं आणि वर त्यांचे आभार मानले. त्या दिवशी आमच्या तालुक्यात सतरा तान्ही बाळं मोतीबिंदू घेऊन जन्माला आली, काठी टेकत गाडीपर्यंत गेली आणि डबा घेऊन घरी परतली. प्रोग्राम मात्र एकदाही बंद पडला नाही.

मी फोन केले. गाडी घाट चढून गेली होती, जागा भरल्या होत्या, पुढचं शिबिर दिवाळीनंतर. मग बाहेर येऊन चाचांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी 'पुन्हा सांग' म्हणाले नाहीत.

"पुन्हा इचारलं नाही ना सर," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "चला, मी तुम्हाला उद्याच खासगी दवाखान्यात नेतो."

"अन् बाकीचे सोळा?"

मी सोळा ऑपरेशनांचा खर्च मनात मांडू लागलो.

"मी काट्यावर कोणाचं पोतं मधी घुसू देलं नाही सर. आता मी कसा घुसू? नंबरानं जाऊ."

मग क्लास सुटला की मी मोटरसायकलवर पुढं आणि चाचा मागं, असे आम्ही मोताळ्यापर्यंतची खेडी पालथी घातली. एकेका शून्याचं घर शोधलं. मी विचारायचो, "आजी, वय किती?" उत्तर यायचं, "झालं असन साठ-पासष्ट." माझी विद्या तिथं संपायची. चाचा कानामागं हात धरून पुढं सरकायचे. "पुन्हा सांग माय. तुहं लगन झालं तवा तू केवढी होती? मंग पहिलं पोरगं कितक्या वर्सानं झालं? ते पोरगं आता केवढं हाये?" असं जोडत जोडत आकडा यायचा. तरी लगेच लिहू द्यायचे नाहीत. "बासष्ट लिहू का?" विचारायचे. म्हातारीनं हाव म्हटलं की मग माझ्याकडं वळून, "आता लिहा."

एका आजीनं माझ्याकडं पाहून विचारलं, "हे कोण व्हय?"

"सर हायेत," चाचा म्हणाले. "शिकून राह्यले."

प्रोग्रामही मी बदलला. आता आकडा कळला नाही की तो बंद पडत नाही आणि शून्यही धरत नाही. 'समजलं नाही, पुन्हा सांगा' म्हणतो आणि कळेपर्यंत जागचा हलत नाही. चांगल्या पुस्तकांत हे पहिल्या काही पानांतच असतं. मी ती पानं फार भरभर उलटली होती.

दिवाळीनंतर सतराही जण बुलढाण्याला पोचले. डॉक्टरबाईंनी चाचांचा उजवा डोळा तपासला, मग दुसऱ्या यंत्रावर बसवून पुन्हा तपासला. "हा पार पिकून गेलाय. आत दाब वाढून नस मेली. याचं आता काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "दोन-तीन महिने आधी का नाही आणलं?"

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा बोलले, "यादीत नाव नव्हतं बाई." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. हातात कागदांचा गठ्ठा घेतलेला एक घाईतला सहायक समोर आला आणि त्यानं बोट वर धरलं. "बाबा, किती बोटं?"

चाचांनी बराच वेळ पाहिलं. "बरकत."

"काय?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काहीतरी भलतंच बोलतात. दिसत नाही वाटतं." आणि पेन कागदाकडं निघालं.

मी त्याचं मनगट धरलं. सतरा माणसांना मी दोन-चार ओळींत पुसलं होतं, माझा अधिकार मोठा होता. "मनाचं लिहू नका," मी म्हटलं. "पुन्हा विचारा."

त्यानं वैतागून दोन बोटं धरली.

"दोन."

तीन धरली.

"तीन. बरकत म्हणजे पहिलं, बापू. बाजारात कधी गेला नाही का तू?"

मग चाचांनी मान वळवून मला पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, अगदी सावकाश. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती लपवायला जागा नव्हती.

"सर," ते म्हणाले, "तुमी त लय बारके दिसता हो. आवाजावरून मोठा माणूस वाटे."

परतीच्या गाडीत सतरा काळे चष्मे होते. घाटात गाडी हळू झाली. कठड्यावर माकडं बसली होती. चाचा खिडकीशी सरकून ती मोजू लागले. नऊ-दहापर्यंत जायचे, मधलं एखादं उडी मारून जागा बदलायचं, आणि चाचा सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तीनदा झालं, चारदा झालं. मागून कुणीतरी कंटाळून म्हणालं, "सांगून टाका ना चाचा, असतील पंधरा-वीस."

"मनचं कायले सांगू?" चाचा म्हणाले. काळा चष्मा कपाळावर सारला, उरलेला डोळा बारीक केला आणि पहिल्या माकडावर बोट धरलं.

"बरकत..."