तीस ग्लास पाणी

फिनेलचा वास आला की मला अजूनही ओकारी येते. साक्रीकडच्या त्या शाळेत फिनेल ओतलं जायचं ते फक्त पाहुणे येणार असले की. एरवी मुलींच्या संडासाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. "पोरी घाण करतात, मॅडम," ते सांगायचे. मग पोरींनी जायचं कुठे? नाल्याकाठच्या बाभळींत, तेही कोणी येत नाही ना हे बघून. मी देवपूरहून नवीन बदलून आलेली. पहिल्याच आठवड्यात या माणसाचा मला वीट आला.

त्या वर्षी 'आरोग्य ही सगळ्या शाळेची जबाबदारी' असा फलक लागला आणि सगळी शाळा खरंच कामाला लागली. शिपायाने फरशी घासली. गुरुजींनी साबणाच्या बाटल्या मांडल्या, त्या संध्याकाळी पुन्हा कपाटात जाणार होत्याच. मुलींकडून हात धुण्याचं गाणं घोटून घेतलं. कुलपाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. मी विषय काढला, तर "पाहुणे जाऊ द्या हो" म्हणून मला गप्प केलं.

पाहुणे पुण्याकडचे, शाळेची स्वच्छता तपासायला आलेले. त्यांनी सातवीतल्या एका मुलीला माइकसमोर बोलावलं. सकाळपासून ती ओटीपोट दाबून बसली होती; संडास उघडला होता तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता, पोरींना तिकडे फिरकायची बंदी होती.

"बाळ, दिवसभरात किती पाणी पितेस?"

"तीस..." ती पुटपुटली.

"तीस ग्लास! शाब्बास!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग मुख्याध्यापकांनीही. अहिराणीत तीस म्हणजे तहान. पोरीचं वाक्य होतं, "तीसच नही लागस," आणि ते टाळ्यांत बुडालं. पाहुण्यांचं एक वेळ सोडा, पण मुख्याध्यापक अहिराणी बोलणाऱ्या घरातले. त्यांना सगळं कळलं होतं, तरी ते हसत होते. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

पाहुण्यांबरोबर जेवायला निघताना मुख्याध्यापक बाकी काही विसरले असतील, कुलूप लावायला विसरले नाहीत. जीप गेली तशी ती पोरगी माझ्याकडे आली. अंग तापलेलं, डोळे लाल.

"मॅडम, लघवीले आग व्हस. म्हनीसन पानीच पेत नही मी."

नाल्यापर्यंत चालायचं त्राण तिच्यात नव्हतं. शिपाई म्हणाला, किल्ली साहेबांकडे. मी शाळेच्या घंटेचा लोखंडी हातोडा उचलला.

"साहेब रागावतील, मॅडम."

"रागावू देत."

चार घाव घातल्यावर कुलूप तुटलं. तिच्या आईला निरोप धाडून मी दाराशी उभी राहिले. आतून कण्हणं ऐकू येत होतं आणि माझ्या मनात त्या सगळ्या शाळेला शिव्या चालल्या होत्या.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. खाली पडलेल्या कुलपाकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, आते पानी पेऊ का?"